करवतीची कड

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे, आणि दार कोणी जोरात ठोठावले की आजही माझे पाय लटपटतात. हसू नका. मी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या जंगलातल्या एका पाइन वृक्षाच्या अखंड फळीचे आहे, आणि माझी रुंदी हाच त्या काळी गुन्हा होता.

तेव्हा आमच्यावर इंग्लंडच्या राजाचे राज्य होते, आणि तेवढी जाड झाडे त्याने आपल्या जहाजांसाठी राखून ठेवली होती. झाड तुमच्या शेतात उगवले तरी मालक तोच. आधीच चहावर कर, त्यात हे! जोथम कोल्बीने मला गुपचूप कापून आणले आणि बायकोच्या, हेप्झिबाच्या, स्वयंपाकघरात मांडले. ती माझ्यावर पीठ मळायची. तिची आई वारली तेव्हा तिला माझ्यावरच निजवले होते. माझे फार लाड झाले.

एके सकाळी बातमी आली की राजाचा वनाधिकारी घरोघर फळ्या मोजत फिरतो आहे. शेजारच्या ओबेदला धरून नेले होते. जोथम करवत घेऊन धावत आला.

"खबरदार हात लावलास तर!" हेप्झिबा ओरडली. "माझ्या आईला याच्यावर ठेवलं होतं."

"आई गेली. आता मी तुरुंगात जाऊ का? सर बाजूला!"

करवत माझ्यात शिरली. मी भीतीने गारठले होते, पण तो माझ्याहून जास्त घाबरला होता. कड वाकडीतिकडी निघाली. भुसा पाव भाजायच्या भट्टीत गेला, पण कापलेली लांब पट्टी लपवायच्या आतच दार वाजले.

अधिकाऱ्याने मला मोजले. रुंदी नियमात होती. मग त्याचे बोट कडेवर थांबले.

"ही तर आत्ताच कापलेली दिसते. उरलेलं लाकूड कुठंय?"

जोथमचा चेहरा पांढराफटक पडला. हेप्झिबाने ती पट्टी, पाव काढायचे रोजचे फावडेच असल्यासारखी, भट्टीत सरकवली आणि तिच्यावरच गरम पाव बाहेर काढला.

"टेबल दारात बोटभर अडत होतं, साहेब, म्हणून कड कापली. खाणार का?"

साहेबाने पाव घेतला, काखोटीला मारला आणि निघून गेला.

हेप्झिबा हसली नाही. "वाचलास," ती जोथमला म्हणाली. "आता राजाला विचारून ये, पुढच्या वेळी काय कापू?"

ओबेदला सोडवायला गावकरी ओळख लपवायला तोंडाला काजळी फासून निघाले, तेव्हा त्यानेही विझलेल्या भट्टीत हात घालून काजळी घेतली. भीती गेली नव्हती. दाराकडे वळताना आधारासाठी त्याने माझी कापलेली कड घट्ट धरली, आणि मग सोडली.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, हवे तर डुगडुगणारा पाय बदला. पण ही वाकडी कड रंधा मारून सरळ करू नका. तिच्यावर चार काळी बोटे आहेत. ती जोथमची आहेत.