माती अजून कोरडी आहे

…आणि दाणा तळहाताच्या रेषेतच अडकून राहिला. गुलाबी औषध चोळलेला मक्याचा दाणा, दवाखान्यातल्या गोळीसारखा दिसणारा. झाब्लोन त्याच्याकडे पाहत होता आणि पाहता पाहता त्याला वाटत होतं की आपण काहीतरी ठरवतो आहोत. खरं तर तो काहीच ठरवत नव्हता. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची माणसं ओळीने वाकून पेरत होती. पाऊस दोनदा चांगला होऊन गेला होता, आणि सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्याला अजून त्याचा वास होता.

"ओकेयोचे बाबा," मागून पिलिस्ता म्हणाली, "किती बघाल त्या दाण्याकडे? लाजेल तो."

"माती अजून आतून कोरडी आहे."

"काल जास्त ओली होती म्हणालात. आज कोरडी. उद्या काय, तिला ताप येणार?"

त्याने दाणा मुठीत मिटला. बायकोच्या थट्टेला त्याला आयुष्यात कधी वेळेवर उत्तर सुचलं नव्हतं. सुचायचं ते संध्याकाळी, शाळेच्या ग्रंथालयाला कुलूप लावताना. आता निवृत्तीनंतर ते ग्रंथालयही नव्हतं.

"अलुओच तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही, धाकटी सून आहे," पिलिस्ताने आवाज खाली आणला. "मला विचारते, आई, सगळ्या गावाचं उगवून येईल, आमचं बियाणं काय पोत्यातच म्हातारं होणार?"

बिचारी खरंच विचारत होती. घरात आधी बापाने बी टाकायचं, मग थोरल्या मुलाने, मग धाकट्याने. हा क्रम मोडला तर घराला काय भोगावं लागतं हे कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि कोणी मोडूनही पाहत नाही. झाब्लोनने इतकी पुस्तकं वाचली, पण त्यानेही मोडला नव्हता. म्हणून तर थोरल्या ओकेयोला किसुमू शहरातून बोलावून घेतलं. तो आला, आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "पेरणी झाली की लगेच जातो, बाबा."

त्या दिवसापासून माती कधी जास्त ओली होती, कधी कोरडी.

हे पिलिस्ताला कळलं असेल का… कळलंच असेल. ती थट्टा करते ती न कळल्यासारखी, एवढंच.

पहाटे तो उठून बाहेर आला होता तेव्हा फाटकाजवळच्या ओकेयोच्या झोपडीच्या फटींतून निळा उजेड येत होता. जगाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तेव्हा संध्याकाळ असेल, तिथे कुठलेतरी दोन संघ खेळत होते. त्यांची नावं त्या पोरालाही नीट उच्चारता येत नसतील, आणि त्यांच्यावर त्याने पैसे लावले होते. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली तीही याच्यामुळे. एकदा, फक्त एकदा, झाब्लोनने विषय काढला होता. ओकेयो शांतपणे म्हणाला होता, "कायद्याने चालतं हे, बाबा. सरकार कर घेतं त्यावर." त्यावर काय बोलणार? रेडिओवर दर बातमीनंतर पैजा घेणाऱ्या कंपनीची जाहिरात, शाळेच्या पोरांच्या नव्या सदऱ्यांवर त्याच कंपनीचं नाव, चर्चच्या गायकांचे झगेसुद्धा त्यांनीच दिलेले. पूर्वी जुगारी माणूस निदान लपायचा, आणि जो लपतो त्याला शोधता येतं. हा तर अंगणात, समोर, सगळ्यांच्या देखत बसलेला असतो. याला कुठून शोधून आणायचं?

ओढ्यापलीकडच्या ओटियाटोला कोणी शोधलं नाही. पैसे लावलेल्या एका अंतिम सामन्यानंतर तो सापडला तो सरोवराकाठच्या लव्हाळ्यात. मयताला जमलेली माणसं हळूच त्या सामन्याबद्दल बोलत होती, कोणी कुणाला चेंडू द्यायला हवा होता…

आणि त्याच सुमाराला आपल्या फोनवर ओकेयोचा एक निरोप आला होता, झाब्लोनला आठवलं. 'बाबा, मी थकलो.' एवढाच. दुसऱ्या दिवशी दुसरा: 'चुकून आला, दुसऱ्याला पाठवायचा होता.' मी विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणाला तो 'बाबा' म्हणणार होता, हे मी स्वतःला विचारलं नाही.

ओकेयो झोपडीतून बाहेर आला, पेजेचा वाडगा घेऊन भिंतीशी बसला. गुडघ्यावर फोन. वाडगा तोंडाकडे नेतानाही नजर फोनवरच होती, पेज हनुवटीवर सांडली. झोप नसलेल्या माणसाची त्वचा राखेसारखी होते, हे झाब्लोनला आता कळत होतं.

धाकटा औमा फावड्याचा दांडा घट्ट बसवत होता. "काय दादा, कोण पुढे आहे? तू की पेज?"

"पेज. पण दुसरा डाव बाकी आहे."

दोघे हसले. ओकेयो हसला की अजून खालचा ओठ एका बाजूला जायचा. साखरेच्या पुडीचा कागद सोडवून त्यावरचे सामन्यांचे निकाल मोठ्याने वाचून दाखवणारा पोरगा… वाचता येऊ लागलं म्हणून बाप किती खूश झाला होता.

"काल सगळे अंदाज बरोबर आले होते, बाबा," तो अचानक म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "एकच हुकला. तोही अगदी शेवटच्या क्षणाला. आता जवळ आलंय."

"हो का," झाब्लोन म्हणाला.

आता जवळ आलंय. काल रात्री पोराने मासे दुसऱ्यांदा मागून घेतले तेव्हा मी हेच म्हणालो होतो, मनात. परवा तो आईशी चहा पिताना जरा जास्त वेळ बसला तेव्हाही. उद्या बोलेन, उद्या तो स्वतःच बोलेल, अजून एक दिवस थांबवला तर नक्की… आणि त्या एका दिवसासाठी मीही रोज पणाला लावत होतो, माझं नसलेलंही: औमाचं शेत, अलुओचच्या पोरांचं वर्षभराचं खाणं. बाप-लेक एकाच अंगणात बसून आपापल्या उद्याची वाट पाहत होते.

तो उठला. "ओकेयो, चल. शेतावर."

पिलिस्ताने वर पाहिलं, पण या वेळी थट्टा केली नाही.

झाब्लोनने पहिल्या ओळीत कुदळ मारली. माती ओली होती, हाताला चिकटण्याइतकी. बी टाकलं, झाकलं. रीतीपुरतं एका ओळीने काम भागत होतं, पण तो हळूहळू दुसरीच्या टोकापर्यंत गेला. कुंपणापाशी औमा आणि अलुओच उभे होते, त्यांची पाळी यायची वाट पाहत, इतके दूर की शब्द पोहोचू नयेत. ओकेयोने कुदळीसाठी हात पुढे केला. झाब्लोनने ती सोडली नाही. मनात जुळवलेली सगळी वाक्यं, कायद्याबद्दलची, ओटियाटोबद्दलची, एकदम कुठल्या कुठे गेली.

"तो निरोप," तो म्हणाला, "मलाच होता ना?"

दोघांचे हात एकाच दांड्यावर होते. ओकेयोने ओळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"हो."

"अजून वाटतं तसं?"

"कधी कधी. हरल्यावर नाही, बाबा. जिंकल्यावर जास्त." त्याने रस्त्याकडे पाहिलं. "संध्याकाळची गाडी आहे माझी."

झाब्लोनने मान हलवली आणि दांडा सोडला. नको जाऊस, असं तो म्हणाला नाही. म्हणावं की नाही, ते त्याला कळत नव्हतं.

ओकेयो वाकला. त्याचे खड्डे वाकडेतिकडे पडत होते, एखाद्यात दोनाऐवजी चार दाणे जात होते. बापाचं काम संपलं होतं. रीत होती की त्याने आता सावलीत जाऊन बसावं. तो गेला नाही. मुलाच्या मागोमाग चालत तो पायाने एकेक खड्डा बुजवू लागला. छातीत भीती होतीच, कदाचित सकाळपेक्षा मोठी, कारण आता तिला पोराचा आवाज होता… पण इतके महिने तो ती एकटाच उचलून हिंडत होता, आणि आता पुढे वाकलेल्या त्या पाठीकडे पाहताना त्याला जाणवलं की तिचं दुसरं टोकही कोणीतरी धरलेलं आहे. किती वेळ धरेल ते ठाऊक नव्हतं. गाडीला अजून अवकाश होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढचं वाक्य काय असेल याची तयारी त्याने केली नव्हती.