आवाज पूर्ण विरेपर्यंत

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही हे मला कळायला सव्वा वर्ष लागलं. त्यात माझी काही चूक नाही. बायको बोलायला लागली की ऐकू न येणं ही नवरेमंडळींची जुनी खोड. त्यातून खरं बहिरेपण वेगळं काढायचं तरी कसं? मग एक दिवस माझ्या हातून भरलेली बादली फरशीवर आदळली. शेजारीण काय झालं म्हणून धावत आली, आणि हे पाठमोरे बसून शांतपणे बुटांना पॉलिश करत होते. सांडलेलं पाणी पुसायचंही मला सुचेना.

कारण ह्यांची नोकरीच कानाची. रेल्वेत ह्यांना सगळे 'ठोक्या' म्हणायचे. लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या कडेने चालायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. भेग पडलेलं चाक फुटक्या मडक्यासारखं बद्द बोलतं. तसं बोललं की चाकाच्या वर, डब्याच्या पट्टीवर खडूने फुली मारायची, म्हणजे तो डबा जागचा हलत नाही. एकतीस वर्षं ह्यांनी हेच केलं. मी त्याच स्टेशनात डबे धुते, त्यामुळे हे सगळं मला तोंडपाठ.

"उद्या कानाची तपासणी झाली तर?" मी ह्यांच्या तोंडासमोर तोंड धरून सावकाश विचारलं.

"लागतं तेवढं कळतं मला," हे म्हणाले, आणि दुसरा बूट घेतला. पुढे बोलायला तयार नाहीत. मी कपाळावर हात मारला आणि तोंडाला कुलूप लावलं.

नेमका त्याच सुमाराला वरून हुकूम आला. गाडी तपासायला चाळीस मिनिटं मिळायची, ती बारा केली. बावीस डब्यांची गाडी, एका बाजूला अठ्ठ्याऐंशी चाकं, आणि मिनिटं बारा! पळत पळत ठोके दिले तरी शेवटची चाकं राहणारच. युनियनची माणसं दोनदा भेटायला गेली आणि दोनदा दारातूनच परत आली. संपाला तर बंदीच होती. जो संपावर जाईल तो कायमचा घरी जाईल, असा कागद नोटीसबोर्डावर लावला होता.

युनियनचे सेक्रेटरी म्हणजे कलमदादा. हा माणूस चहा मागितला तरी कुठल्या कलमाखाली मागतोय ते सांगेल. त्यांनी शेडमधे सगळ्यांना जमवलं आणि नियमांचं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं.

"संप करायचा नाही," ते म्हणाले. "काम करायचं. पुस्तकात लिहिलंय तस्सं. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही." मग चष्मा नाकावर ओढून त्यांनी वाचलं, "'तपासनीसाने प्रत्येक चाकावर ठोका द्यावा व आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकावे.'"

पूर्ण विरेपर्यंत! आजवर ठोका द्यायचा, वाजलं की पुढे, अशीच रीत होती. मग मागून कुणीतरी हसून म्हणालं, "म्हणजे चाक जितकं चांगलं तितका उशीर!" आणि सगळी शेड हसायला लागली.

मला हसू आलं नाही. भरल्या स्टेशनात, शेकडो लोकांदेखत ह्यांना आवाज संपेपर्यंत ऐकत उभं राहायचं होतं, आणि तो संपला कधी हे ह्यांना कळणार कसं? लवकर पुढे गेले किंवा नको तितका वेळ थांबले, तर लोकांच्या लक्षात येणारच. नोकरी तर जाईलच. शिवाय माणसाच्या कानाला घाई चालत नाही, याच एका मुद्द्यावर युनियन उभी होती, आणि तो कानच बंद! म्हणून मी युक्ती काढली. पिवळं फडकं घेऊन मी ह्यांच्या समोरच्या बाजूला उभी राहणार, आवाज संपला की फडकं खाली करणार.

"तुम्ही फक्त माझ्याकडे बघायचं," मी बजावलं.

"इतक्या वर्षांनी सांगतेस होय!" हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची लांबची गाडी लागली. आमचे फलाट बुटके, त्यामुळे चाकं उघडी दिसतात. ब्रेक सोडले, कारण आवळलेलं चाक बोलत नाही. फलाटाच्या बाजूने हे, पलीकडच्या बाजूने ह्यांचा जोडीदार. ह्यांनी पहिल्या चाकावर ठोका दिला आणि उभे राहिले.

आधी प्रवाशांनी कुरकुर केली, काहींनी घड्याळं दाखवली. पण माणूस काहीतरी कान देऊन ऐकतोय असं दिसलं की बघणाराही नकळत ऐकायला लागतो. चौथ्या-पाचव्या चाकाला फलाटावरची बडबड कमी झाली. घोषणा करणारीनेही पुस्तक उघडलं असणार. तपासणी चालू असताना घोषणा करू नये असंही एक कलम आहे म्हणे. दुसऱ्या डब्यापर्यंत चहावाल्याने कप विसळायचे थांबवले. चोवीस वर्षं मी तिथे डबे धुतेय, पण या स्टेशनात अशी शांतता राहते हे मला माहीतच नव्हतं. आणि त्या शांततेत ते चाक! आधी लख्ख वाजायचं, मग आवाज गोल व्हायचा, मग बारीक सुतासारखा लांबत लांबत जायचा. आयुष्यभर ऐकलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. इतकी माणसं, इतकं लोखंड, आणि सगळं एका ठोक्यासाठी गप्प उभं.

आवाज संपला की मी इमानेइतबारे फडकं खाली करत होते. पण हे माझ्याकडे बघतच नव्हते. ठोका दिला की डाव्या हाताची दोन बोटं चाकाच्या कडेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. माझं फडकं खाली गेल्यावरही पाच-सात सेकंद तसेच उभे. मी हातवारे केले, डोळे वटारले, खोकलेसुद्धा. बहिऱ्या माणसासमोर खोकणारी बाई मीच!

शेवटी पायरी पुसायच्या निमित्ताने मी वाकले आणि ह्यांच्या बोटांशेजारी माझं बोट चाकाला लावलं. ठोका पडला. आवाज वाजला, लांबला, संपला. आणि बोटात तो चालूच होता. मुंगी चालावी इतका हलका, पण होता. कानाला संपलेला आवाज बोटाला संपलाच नव्हता. सव्वा वर्ष मी जीव टांगणीला लावून बसले होते, आणि हा माणूस आम्हा सगळ्यांच्या पुढे जाऊन ऐकत होता. मला माझी लाजही वाटली आणि त्यांचा अभिमानही वाटला. फडकं मी कमरेला खोचून टाकलं.

आठव्या डब्यापाशी मोठे साहेब आले. हातात घड्याळ, मागे दोन अधिकारी. ह्यांच्या बाजूने चालू लागले. नवव्या डब्याच्या तिसऱ्या चाकावर ठोका पडला. असं सुरेख वाजलं ते चाक, की डब्याच्या खिडकीतली एक बाई हसली. पण ह्यांच्या कपाळाला आठी पडली. ह्यांनी पुन्हा ठोका दिला. तिसऱ्यांदा दिला. मग खिशातून खडू काढला आणि पट्टीवर मोठी फुली मारली.

"काय चाललंय?" साहेब कडाडले. "चाक घंटेसारखं वाजतंय!"

जोडीदार पलीकडून आला. त्याने ठोका दिला, मान कलती करून ऐकलं आणि ह्यांच्याकडे न बघता म्हणाला, "मला तर ठीक वाटतंय, साहेब."

कलमदादांचा चेहरा उतरला. एक फुली खोटी ठरली की सगळंच नाटक ठरणार. हे मात्र पाठमोरे, खडू फडक्यात गुंडाळत होते. साहेब ह्यांच्या मागे उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "तुमची नोकरी गेली." सगळ्या फलाटाने ऐकलं. ह्यांनी खडू नीट खिशात ठेवला. साहेबांचे डोळे बारीक झाले. "मागे वळा," ते म्हणाले. हे वळले नाहीत.

"हा माणूस बहिरा आहे!" साहेब म्हणाले. "बहिरा माणूस चाकं ऐकतोय!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. कलमदादा मटकन बाकावर बसले.

साहेब वळसा घालून ह्यांच्यासमोर आले. आता त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "फुली पुसा. गाडी जाऊ दे. तुमच्या कानाचं मी काही ऐकलं नाही असं समजा." मऊ व्हावंच लागलं, कारण फुली ज्याने मारली त्यानेच पुसायची, हे कलम साहेबांनाही लागू होतं. तिकडे ड्रायव्हर खाली उतरून हाताची घडी घालून उभा होता. "फुली आहे तोवर मी गाडी हलवत नाही," त्याने लांबूनच सांगितलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. खोटं कशाला सांगू, माझे ओठ म्हणाले, "पुसा." एकतीस वर्षांची नोकरी होती, निभावून गेलं असतं. ह्यांनी ते ओठांवरचं वाचलं आणि नकारार्थी मान हलवली.

"हे चाक दोनदा थरथरतं, साहेब," हे म्हणाले. "थांबल्यासारखं होतं, दम खातं, पुन्हा थरथरतं. धड चाक असं करत नाही. कानाला हे कळत नाही. मला ऐकू येत होतं तेव्हा मलाही कळलं नसतं."

मग माझ्याकडे हात केला. "तुझं रॉकेलचं फडकं दे."

डब्यांचं वंगण काढायला मी रॉकेल ठेवते. ह्यांनी चाक रॉकेलने माखलं, कोरडं पुसलं, आणि खडू चुरडून त्याची पूड वर फासली. भेग असली तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर उमटतं. सगळे भोवती जमले. पाच मिनिटं झाली, काही नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. दहा झाली. मी त्या पांढऱ्या चाकाकडे जितकी टक लावून बघत होते तितकी ह्यांच्याकडेही कधी बघितली नसेन.

आणि ती आली. आधी केसाएवढी, करडी, चाकाच्या कडेपासून आत वळत गेलेली रेघ. बघता बघता टीचभर झाली. खिडकीतली ती बाई खाली उतरली होती, खांद्यावर झोपलेलं लेकरू. "आमचा डबा हाच," ती कुणाला तरी म्हणाली आणि आपल्या ट्रंकेवर बसली. साहेबांनी रेघेला लावायला बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

डबा काढून ठेवला. गाडी तीन तास उशिरा सुटली, पण एकानेही तोंड वाकडं केलं नाही. चौथ्या दिवशी बारा मिनिटांचा हुकूम मागे घेतला, चाळीस मिनिटं परत मिळाली.

त्याच दिवशी ह्यांचाही कागद निघाला. तो घेऊन कलमदादा स्वतः घरी आले आणि मान वर न करता बसून राहिले. "'तपासनीसाची श्रवणशक्ती निर्दोष असावी,'" त्यांनी हळूच वाचलं. "पुस्तकात आहे, वहिनी. एक अक्षर कमी नाही म्हणून आपणच ओरडलो होतो."

"मग घाला ते पुस्तक चुलीत!" मी म्हणाले, आणि आणखी बरंच काही म्हणाले. ह्यांना त्यातलं काही ऐकू आलं नाही, ते बरंच झालं. हे उलट कलमदादांच्याच पाठीवर हात ठेवून उभे होते. हातोडा दुसऱ्या दिवशी जमा केला.

पुढचे वीस दिवस ह्यांनी घरात काढले. गाडी जायची वेळ झाली की हे भिंतीला तळवा लावून उभे राहायचे. मी बघितलं की हात काढायचे आणि उगाच खिडकी उघडबंद करायचे. माझा जीव तुटायचा, पण या बाबतीत माझी बडबड उपयोगाची नव्हती.

एकविसाव्या दिवशी कलमदादा धापा टाकत आले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "वहिनी, डब्याला नवी चाकं बसली. डबा तयार आहे. पण पट्टीवर फुली तशीच आहे! साहेबांनी पुस्तक तीनदा वाचलं. ज्याने मारली त्यानेच पुसायची, दुसरी वाटच नाही. यावं ही विनंती, असं लिहून दिलंय."

वर्कशॉपमधे आम्ही गेलो तेव्हा तिन्ही पाळ्यांचे ठोके देणारे तिथे उभे होते, साहेबही होते. सगळी यंत्रं बंद केली होती. जोडीदाराने ह्यांचा जुना हातोडा पुढे केला. ह्यांनी तो तळहातावर तोलला, नव्या चाकावर एक ठोका दिला आणि कडेवर दोन बोटं ठेवली.

मग जोडीदाराने आपली दोन बोटं ठेवली. त्याच्या शेजारी आणखी एकाने. जागा होती तितके सगळे वाकले. साहेबांनी बाही सावरली आणि एक बोट लावलं. मीही लावलं.

कानातला आवाज संपला. कुणी हललं नाही. बोटात तो बारीक होत गेला. साहेबांनी बोट काढलं. मग एकेक करत सगळ्यांची निघाली, जोडीदाराची निघाली, शेवटी माझंही. ह्यांची दोन बोटं तिथेच होती. आम्ही सगळे त्या बोटांकडे बघत उभे होतो. किती वेळ ते माहीत नाही, घड्याळ कुणी बघितलं नाही.

मग ह्यांनी बोटं उचलली, "विरला," म्हणाले, आणि बाहीने फुली पुसली.