गाईंच्या भाषेतला हारो

खोदाईच्या मशीनने बांधाचा पहिला घास घेतला, तेव्हा हिल्डा केरिपेल गोठ्यात दूध काढत होती. तिच्या कुरणाचा बांध फोडून शेजारच्या ब्रेहोला आपल्या हॉटेलकडे रस्ता न्यायचा होता. कोर्टात जाऊन येईपर्यंत तिथे बांध उरलाच नसता. पण ग्वेर्नसी बेटाच्या जुन्या कायद्यात हारोची हाक होती: जमिनीच्या मालकाने दोन साक्षीदारांसमोर गुडघे टेकून ती फ्रेंचमध्ये घातली आणि प्रार्थना म्हटली, की कोर्टाचा निकाल येईपर्यंत काम थांबवावंच लागे.

"हारो घाल," सासूबाई काठी टेकत आल्या. "जमीन तुझ्या नावावर. माझ्या ओरडण्याला अर्थ नाही."

"आई, माझं फ्रेंच ऐकून ब्रेहो हसेल."

"हसू दे. हसण्यानं हारो मोडत नाही."

हिल्डा इंग्लंडमधल्या डेव्हनहून लग्न होऊन ग्वेर्नसीत आली, त्याच आठवड्यात सासूबाईंनी सुनावलं होतं, "माझ्यासमोर आमच्या फ्रेंचची हाडं मोडू नकोस. एवढी हौस असेल तर गाईंशी बोल." हिल्डाने ते मनावर घेतलं. नवरा गेल्यावरही तिचं गोठ्यातलं बोलणं फ्रेंचमध्येच चाले. आचळांच्या लयीवर प्रार्थनाही.

पोस्टमन टोरोडला तिने फाटकातच थांबवलं. तो आणि सासूबाई, दोन साक्षीदार झाले. डोक्याचा रुमाल काढून ती फुटलेल्या बांधापाशी ओल्या मातीत गुडघ्यांवर बसली.

"हारो! हारो! हारो!"

मशीनच्या धडधडीत आवाज विरून गेला. ड्रायव्हरने मागे पाहिलंही नाही. ब्रेहो मात्र हसला.

हिल्डाने श्वास भरून घेतला. संध्याकाळी कुरणाच्या टोकावरून गाई बोलावताना लावायची, ती हाळी तिने लावली. "हारो! हारो! हारो! राजपुत्रा, धाव! माझ्यावर अन्याय होतोय!"

कुरणातल्या सगळ्या गाई माना वर करून धावतच बांधाकडे निघाल्या. ड्रायव्हरने दचकून मशीन बंद केलं. त्या शांततेत हिल्डाने गोठ्यातली ती अख्खी फ्रेंच प्रार्थना म्हटली. ड्रायव्हर बेटावरचाच होता. त्याने टोपी काढली.

"चालव रे!" ब्रेहो ओरडला. "इंग्रज बाईचा कसला हारो?"

"हारो तो हारो," ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. "तुमच्यासाठी तो मोडून मी तुरुंगात जाऊ होय?"

"आणि इंग्रज कोणाला म्हणतोस?" सासूबाईंनी काठी उगारली. "केरिपेलांची सून आहे ती!"

मग त्या हिल्डाकडे वळल्या, आणि आजवर तिच्याशी कधी न बोललेल्या आपल्या भाषेत म्हणाल्या, "ऊठ गं. दूध तसंच राहिलंय."

"आलेच, आई," हिल्डा त्याच भाषेत म्हणाली.