आईच्या मापाचा पुतळा

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. मला डोकं नाही, हात नाहीत. पण खांदे, पाठ, कंबर आहे आणि प्रत्येक ठिकाणी एकेक स्क्रू. तो फिरवला की मी जाड होतो, नाहीतर बारीक. माणसांना हे जमलं असतं तर काय हवं होतं!

दुकान नवराबायकोचं. बाईंनी मला आणलं, त्याच दिवशी स्वतःच्या मापाचं करून टाकलं. "आता माझे कपडे शिवायला कुणाची मनधरणी नको," असं म्हणून त्यांनी नवऱ्याला चिडवलं.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांची मुलगी ठकू रोज शाळेतून आली की दप्तरासकट मला घट्ट मिठी मारायची, डोळे मिटून. मला केवढा मोठेपणा वाटायचा म्हणून सांगू!

एके दिवशी तिनं मिठी मारली आणि ती किंचाळलीच. "बाबा! आई कुठंय?"

बाबा कात्री हातात घेऊन उभे होते. "अगं, तुझं माप लावलंय त्याला. आईनं स्वतःसाठी आणलेलं निळं कापड तसंच पडून होतं. म्हटलं, त्याचा तुला गुपचूप ड्रेस शिवावा."

"मला न विचारता? तुम्ही आईला पुसून टाकलंत!"

बाबांचा चेहरा पडला. "थांब, रडू नकोस. परत लावतो. तिचं माप मला तोंडपाठ आहे." त्यांनी स्क्रू फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ठकू, आईची कंबर किती होती गं?"

मला आकडा न आकडा ठाऊक होता, मित्रांनो! पण बोलणार कसा? मला फिरवतानाही कुणी विचारलं नव्हतं. असा संताप झाला माझा!

शेवटी ठकूनं डोळे पुसले आणि मला मिठी मारली. "मी सांगते, तुम्ही फिरवा. अजून. थोडं अजून. बास." कंबर जुळली. खांदे मात्र काही केल्या जुळेनात. "नाही बाबा, ही आई नाही," असं ती म्हणतच राहिली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू आवरण्याआधी, बदलण्याआधी घरातल्या लहानग्यांना एकदा विचारा. एवढं तरी कराच.

ठकू आता माझ्या खांद्यांना हात लावत नाही. ती गुडघ्यांवर बसते आणि कमरेला मिठी मारते. अगदी लहान होती, तेव्हा तिचे हात आईच्या तिथवरच पोचायचे.