वरच्या रांगेतले कपलर

पोहण्याच्या तलावावर छप्पर होतं आणि त्या छपराला आतून रंग द्यायचा होता. खाली पाणी. तेव्हा जमिनीवरून परांची उभी करायचा प्रश्नच नव्हता, ती वरून टांगायची होती. हे काम परांची बांधणाऱ्या वहिनीच्या टोळीकडे आलं. टोळीत तिचा धाकटा दीर होता. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे. तिच्या वडिलांच्या वयाचे तात्या रंगारीसुद्धा.

टांगती परांची तशी सोपी. छताच्या लोखंडी तुळयांवर आडवे पाइप टाकायचे, त्यांना उभे पाइप लटकवायचे, उभ्यांच्या खालच्या टोकांना पुन्हा आडवे पाइप बांधून त्यांवर फळ्या अंथरायच्या. पाइपाला पाइप धरून ठेवतो तो कपलर. त्याची एक बाजू जाड, अखंड. दुसरी म्हणजे बिजागरीवरचं झाकण, बोल्टने आवळायचं. वजन जाड बाजूवर आलं पाहिजे, झाकणावर कधीच नाही. खाली आडवा पाइप कपलरात बसतो, तिथे जाड बाजू पाइपाखाली हवी. वर उलट. तिथे कपलरच पाइपावर लोंबतो, म्हणून जाड बाजू पाइपाच्या डोक्यावर आणि झाकण खाली. त्याच्याही वर, लटकत्या पाइपावर, राखणीला आणखी एक कपलर, पाइप घसरलाच तर अडवायला.

हे वहिनीने दिराला स्वतः शिकवलं होतं. हातात कपलर देऊन, पुन्हा पुन्हा.

त्या दिवशी फळ्या कमी पडल्या म्हणून ती नवऱ्याच्या ट्रकमधून गोदामात गेली. टोळी ज्या कंपनीची, तिचाच ट्रक नवरा चालवायचा. जाताना दिराला म्हणाली, "भावजी, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका. रंगाऱ्यांना चढू द्या, फळ्या आहेत तेवढी परांची तयार आहे."

ती परतली तेव्हा तात्या एकटेच वर होते, मांडी घालून छताला ब्रश लावत. बाकीचे रंगारी खाली रंग ढवळत होते. वहिनीने सवयीने वर पाहिलं आणि खांद्यावरची फळी तिने तिथेच टाकली.

वरच्या रांगेतले सगळे कपलर फिरवलेले होते. झाकणं वर, जाड बाजू खाली, अगदी खालच्या रांगेसारखी. राखणीचे कपलर तर गायबच. तात्या, त्यांचा डबा, फळ्या, सगळा भार त्या टीचभर झाकणांवर आणि बोल्टांवर लोंबत होता.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडली असती तर तात्या दचकून उभे राहिले असते. तिने आवाज खाली ठेवला.

"तात्या, डबा आहे तिथेच राहू द्या. उठू नका. बसल्या बसल्या शिडीकडे सरका. हळू."

"का गं? झालं काय?"

"खाली आल्यावर सांगते. सरका तुम्ही."

तात्या सरकायला लागले. खालच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. शिडी हाताला येते न येते तोच वर खट्ट आवाज झाला. एक झाकण सुटलं, फळ्यांचा कोपरा हातभर खाली आला, आणि डबा घसरून धप्पकन पाण्यात पडला. तात्यांनी शिडीला मिठी मारली. दोघांनी खालून धरून त्यांना उतरवलं.

एवढ्यात तलावाचा व्यवस्थापक धावत आला. निळ्या पाण्यात पांढरा रंग पसरत होता, तिकडे बोट दाखवून तो ओरडला, "अहो, पाण्याची काय वाट लावलीत ही! रविवारी शर्यती आहेत!"

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाणी? माणूस मरता मरता वाचलाय तुमच्यासमोर, आणि तुम्हाला पाणी दिसतंय? ते कपलर कोणी फिरवले?"

"कोणी म्हणजे? तुमच्याच मिस्त्रींनी. मी फक्त म्हटलं, अर्धे सुलटे, अर्धे उलटे, किती गबाळं दिसतं. फोटोवाले येणार आहेत. तर ते म्हणाले, एकसारखे करून देतो. आता खोट तुमच्यात, आणि खापर माझ्यावर?"

तुमचे मिस्त्री. वहिनीने मान वळवली. दीर भिंतीपाशी पाना घेऊन उभा होता.

"भावजी, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

तो पाना पुसत राहिला.

"ठाऊक होतं की नव्हतं?"

"होतं," तो पुटपुटला. "ते मला मिस्त्री म्हणाले. विचारलं, इथले मुख्य तुम्हीच ना? मी... वहिनीला विचारून सांगतो, असं म्हणायची लाज वाटली."

"लाज! आणि राखणीचे?"

"गर्दी दिसते म्हणाले."

"तात्यांना वर चढताना बघत होतात ना? तेव्हा कुठे गेली होती ही लाज?"

"वहिनी, सगळ्यांसमोर कशाला? घरी बोला ना."

"घरी? तात्या घरी लटकत होते का?"

व्यवस्थापकाने तोवर कंपनीच्या मालकाला फोन लावून तिच्या हातात दिला होता. मालक म्हणाला, जे झालं ते झालं, गिऱ्हाईक मोठं आहे, माफी मागून टाक आणि काम पुढे चालू ठेव.

"माफी मी मागू?" वहिनी म्हणाली. "मी नाही मागणार. आणि ही परांची मी पुन्हा बांधेपर्यंत वर कोणी जाणार नाही. तुम्हाला घाई असेल तर स्वतः या आणि चढा."

फोन तिने व्यवस्थापकाच्या हातात परत कोंबला. तात्या पायरीवर बसून पाणी पीत होते. त्यांनी ब्रश गुंडाळून पिशवीत घातला. "मी तर आज चढत नाही बुवा," ते म्हणाले, आणि बाकीचे रंगारीही पिशव्या आवरायला लागले.

शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. तलाव उपसला गेला. व्यवस्थापक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला की बाईमाणसाच्या हाती काम दिलं की असंच होतं. चोराच्या उलट्या बोंबा. वहिनीच्या कानावर ते आलं. ती तडक त्याच्या खोलीत गेली आणि दार उघडं ठेवून म्हणाली, "माझ्या तोंडावर बोला." तो टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. माफी त्याने शेवटपर्यंत मागितली नाही. मालकानेही नाही.

परांची उतरवून पुन्हा बांधायला घेतली तेव्हा वरची रांग तिने दिराकडेच दिली. स्वतः शिडीवर उभी राहिली.

"जाड बाजू कुठे?" तिने विचारलं.

"पाइपावर."

"का?"

तो सांगायला लागला, अडखळत. खाली तात्या ऐकत होते, म्हणून त्याने आवाज आणखी खाली घेतला.

"मोठ्याने सांगा," वहिनी म्हणाली. "ज्यांना चढायचंय, त्यांना ऐकू जाऊ द्या."

त्याने मोठ्याने सांगितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण सगळं बरोबर सांगितलं. प्रत्येक बोल्ट तिने स्वतःच्या पान्याने पुन्हा आवळून पाहिला, एकही सोडला नाही. मग तात्या चढले.

संध्याकाळी ट्रकमध्ये दीर तिच्या आणि नवऱ्याच्या मध्ये बसला. "अजून राग आहे का?" त्याने विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "राहणार आहे. उद्या वेळेवर या."