आवाज न करणारी उशी

बाबांनी चपला काढल्या, चष्मा ठकूच्या हातात दिला आणि दुकानाच्या मधोमध अंथरलेल्या पातळ चटईवर ते उजव्या कुशीवर आडवे झाले. डोक्याखाली नुकतीच फुगवलेली हवेची उशी होती. खांदा टेकल्याबरोबर त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, पण त्यांनी तो ताबडतोब जागेवर आणला.

"झकास आहे. हीच द्या," ते म्हणाले.

"काका, अजून तुमचे पाय चटईवर यायचेत," दुकानाची मालकीण म्हणाली.

डोंगरात भटकायला जाणाऱ्यांच्या सामानाचं ते दुकान होतं. दोर, छोटे स्टोव्ह, छतापर्यंत टांगलेल्या पाठपिशव्या. मालकीण स्वतः महिन्यातले निम्मे दिवस डोंगरातच असावी, कारण उन्हाने तिच्या नाकाचं साल निघालं होतं. गिऱ्हाइकाला आडवं केल्याशिवाय ती उशी विकत नसे, आणि कुशीवर झोपणारा कुणी आला की मग तर ती फारच हट्टाला पेटे. पाठीवर झोपणाऱ्याला काय, टॉवेलची घडीही चालते, असं तिचं म्हणणं. कुशीवर झोपलं की कान आणि जमीन यांच्यामध्ये खांद्याएवढी पोकळी राहते. ती भरली नाही तर मान रात्रभर लोंबकळते आणि सगळा भार खांद्यावर येतो. बरं, भरायची म्हणून जाडजूड उशी घ्यावी तर चढावर तिचं ओझं कोण वाहणार? हलकी, उंच आणि मऊ, तिन्ही एकत्र मिळणं कठीण.

हे सगळं ऐकताना बाबा मान डोलवत होते. आतून त्यांचा विचार वेगळाच चालला असणार, हे ठकूला माहीत होतं.

कारखान्यातल्या त्यांच्या जुन्या मित्रांनी पाच दिवसांची डोंगरवाट ठरवली होती. निघायला आठवडाही उरला नव्हता. बाबांना जायचं होतं. मित्रांनी पाठवलेले डोंगरांचे फोटो ते आईला दाखवत, मग पुन्हा एकटेच बघत बसत. आणि दर दोन दिवसांनी न जाण्याचं एक नवं कारण शोधून काढत. आधी बूट चावतात म्हणाले, मग गुडघा, मग हवामान. ठकूने एकेक कारण निकालात काढलं होतं. शेवटी राहिली झोप. उजवा खांदा कित्येक वर्षं धरलेला, जमिनीवर झोपलो तर दुसऱ्या दिवशी उठताच येणार नाही, मग मंडळींच्या गळ्यात आपलं लोढणं कशाला? उशीचं जमलं तर येतो, असं त्यांनी मित्रांना कळवून टाकलं होतं. उशीचं जमणार नाही याची त्यांना बहुधा खात्री होती.

म्हणून ठकूने आज दुपारची रजा टाकली होती. ती दातांच्या कवळ्या बनवायची. माणसाच्या तोंडात केसभर काही टोचलं तरी ते शोधून घासून काढायचं, हा तिचा रोजचा धंदा. उशीने हरायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ठकू हे अर्थात घरातलं नाव. पस्तिशी उलटली तरी ते सुटलं नव्हतं.

पहिली फोमची उशी बाबांना आवडली, पण ती गुंडाळली तरी अर्धी पिशवी खात होती. दुसरी म्हणजे नुसती पिशवी, तिच्यात आपले कपडे कोंबायचे. बाबांनी स्वतःचा स्वेटर कोंबून पाहिला आणि डोकं टेकताच स्वेटरने जीव सोडला. तिसरी ही हवेची. मुठीत मावणारी, वजनाला कागदासारखी, खांद्यासाठी कडेला खोबण काढलेली.

"आत नुसती हवाच ना?" बाबांनी आधीच विचारून घेतलं होतं. "मग हवेचे एवढे पैसे? वर डोंगरावर फुकट मिळते म्हणतात."

मालकीण उकिडवी बसून त्यांची मान बघत होती. नाक छातीच्या रेषेत आलं, उंची बरोबर आहे, असं ती म्हणाली. मग तिने खांदे उडवले.

"पण काका, मी आधीच सांगते. या उशीची एकच तक्रार येते. कापड जरा चरचरतं. कानाखाली सारखी चिप्सची पिशवी चुरगाळल्यासारखं वाटतं. लोक दुसऱ्या दिवशी परत आणतात."

"कसला आवाज?" बाबा म्हणाले. त्यांनी मुद्दाम डोकं इकडेतिकडे घासलं. उभ्या असलेल्या ठकूलासुद्धा ती चरचर ऐकू आली. "काही नाही. एकदम शांत आहे."

मालकीण चक्रावली. ठकूला हसू आलं.

"अहो, त्यांचा तो कान कामातून गेलाय," ती सांगू लागली. "पत्रा कापायच्या मशीनवर होते ना, उजव्या कानाने त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तो कान उशीत, आणि चांगला कान..."

ती तिथेच थांबली.

चांगला कान वर होता. तो नेहमीच वर असायचा. घरी बाबांची खाट तिच्या खोलीच्या भिंतीला लागून होती, आणि तिच्यावर बाबा उजव्या कुशीवर, दुखऱ्या खांद्यावर झोपत. खांद्यासाठी आईने मऊ उशी आणली, मग जाड उशी आणली, ठकूने मलमं आणली, शेक दिले. मशीनने कान नेला तसा खांदाही नेला, असंच घरात सगळे धरून चालले होते. कूस बदला, असं कुणी म्हटलं की बाबा सवयीचं कारण पुढे करत, आणि घरातले त्यांना हट्टी म्हणत. सगळ्यांत जास्त ठकूच म्हणे.

दहाव्या वर्षी तिला पहिली फिट आली, तीही झोपेत. पुढे बऱ्याच आल्या, बहुतेक रात्रीच्या. आईची झोप अशी की तिला खाटेसकट उचलून नेलं असतं तरी कळलं नसतं. पण ठकू शुद्धीवर यायची तेव्हा बाबा शेजारी असायचेच. तिला कुशीवर वळवलेलं असायचं, तोंड पुसलेलं असायचं. रिकाम्या खोलीत ती एकदाही जागी झाली नव्हती. लहानपणी तिला वाटे, बाबा लोक झोपतच नसावेत. नळाला पाणी येतं तसे फिट आली की बाबा येतात, त्यात विचार करण्यासारखं काय होतं? आता गोळ्या लागू पडून वर्षं झाली होती. फिट अशी आलीच नव्हती. तरी बाबांची कूस बदलली नव्हती.

ठकूला बाबांचे पाय धरावेसे वाटले, आणि त्यांना चांगलं झापावंसंही वाटलं. तिने हातातला चष्मा उगाच ओढणीला पुसला आणि ती चटईच्या कडेला खाली बसली.

"बाबा, डाव्या कुशीवर झोपून बघा."

"मला उजवीचीच सवय आहे."

"कधीपासून?"

बाबा उठून बसले आणि उशीचं बूच सोडून हवा काढू लागले. उशी त्यांच्या हातात हळूहळू आक्रसत गेली. त्यांनी ठकूकडे पाहिलं नाही.

"ही स्वस्तही आहे," ते म्हणाले. "आवाजाचं म्हणशील तर मला चालतोय."

मालकिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिला दुकान चालवायची अक्कल होती. ती न बोलता उठली आणि मागच्या फडताळातून आणखी एक उशी घेऊन आली. हीसुद्धा हवेचीच, पण वरून बोटभर मऊ फोम आणि सुती कापड. वजनाला किंचित जास्त, किमतीला बरीच. हिच्यावर कान कसाही घासा, आवाज येत नाही, एवढं सांगून ती गल्ल्यामागे जाऊन बसली.

ठकूने आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, मांजर कठड्यावर चढलं तरी उठून बसणारी. पाच रात्री आमच्याकडे झोपायला येशील का, असं ठकूने विचारलं. कशासाठी ते आत्याने विचारलंच नाही. तिने दोनच वाक्यं सांगितली, आणि ठकूने फोन बाबांच्या डाव्या कानाला लावून ती पुन्हा म्हणायला लावली.

"दादा, मी येते. तू आता झोप रे बाबा."

बाबा बराच वेळ फोन कानाला तसाच धरून बसले. पलीकडून आत्याने कधीच ठेवला होता.

"तिला कुठे त्रास देतेस," ते म्हणाले.

"बाबा, फिट आली तर येईल. दोन मिनिटांत जाईल. आत्या असेल, मीही असेन. मी आता दहा वर्षांची नाही." तिने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ जागलात. मला आजवर ते कळलंच नाही. आता माझ्यासाठी एवढं करा. डावीकडे वळा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी ती दुसरी उशी फुगवली. चार फुंकरीत फुगली, त्यांना दमही लागला नाही. ती चटईवर ठेवून, खोबण नीट खांद्याशी आणून ते डाव्या कुशीवर आडवे झाले. अंग जरा वेळ ताठ राहिलं. मान दोनदा उचलली, दोनदा ठेवली. मग उजवा खांदा, जो आता वर मोकळा होता, हळूहळू खाली आला.

"काका, उंची बरोबर वाटते का?" गल्ल्यामागून मालकिणीने विचारलं.

बाबा काही बोलले नाहीत.

तिने जरा मोठ्याने पुन्हा विचारलं. ठकूने बोट ओठांवर ठेवलं, मग स्वतःचीच गंमत वाटून ते काढून घेतलं.

दुपारचं दुकान रिकामं होतं. थोड्या वेळाने एक जोडपं आत आलं. त्यातल्या नवऱ्याचा धक्का लागून तंबूच्या काठ्यांचा अख्खा भारा फरशीवर कोसळला. मालकीण दचकली, ते जोडपं दचकलं, ठकूचं काळीज लक्कन हललं. बाबांच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही. नवरा दिलगिरी व्यक्त करत काठ्या गोळा करू लागला आणि काठ्या आणखीच वाजू लागल्या.

मग दुसराच एक आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग चांगला भरदार, मध्येच अडखळून पुन्हा सूर धरणारा. जोडप्यातली बायको तोंडावर हात ठेवून हसली.

"काका घोरतात हं," मालकीण हळूच म्हणाली. "बरोबरच्यांना आधी सांगून ठेवा."

"घोरतात?" ठकू म्हणाली.

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. आमच्या घरात कुणालाच माहीत नाही."

तिने मांडी घातली, चष्मा पदरात धरावा तसा ओढणीत धरला आणि ती बाबांच्या शेजारी बसून ऐकत राहिली.