‘नई’ म्हणजे काय?

मी एक चित्रपट्टी. जाड पुठ्ठ्याची. पुढून कुत्रा, पाठीवर ‘कुत्रा’ ही अक्षरं.

सत्त्याऐंशी साली शाळा सुधारायची योजना निघाली. छापखान्यातून मी पत्र्याच्या पेटीत बसले आणि डोंग्यातून नदी ओलांडून भामरागडकडच्या एका गावी पोचले. पहिलं वर्ष पेटीतच गेलं. “पोरं खराब करतीन,” मुख्याध्यापक रामाजी गुरुजी म्हणायचे, “साहेब आले की काढू.” माणसं नवी वस्तू जपतात फार, वापरतात कमी.

मग नागभीडहून कांताबाई शिकवायला आल्या. कॉलेज शिकलेल्या, पण पाल चुकचुकली तरी दचकायच्या. त्यांनीच पेटी उघडली. पोरांच्या हातांत माझे कोपरे झिजले, मोहाच्या तेलाचे डाग पडले. बरं वाटलं.

वर्षअखेरीस साहेब आले, योजनेचा पोरांना किती फायदा झाला ते तपासायला. चित्रं ओळखता आली नाहीत, तर आमची पेटी दुसऱ्या शाळेला जाणार होती.

त्यांनी मला वर धरलं. “हे काय?”

“नई,” मंगली म्हणाली.

“नाही येत.” साहेबांनी फुली मारली.

“नई,” पत्रू म्हणाला. पुन्हा फुली. सोमारीचंही तेच.

गोंडीत कुत्र्याला नई म्हणतात. मंगलीनंच ते पहिल्या आठवड्यात बाईंना शिकवलं होतं. पण साहेबांना मधेच टोकायचं कसं? बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात साहेबांच्या डब्याच्या वासानं गावातलं एक कुत्रं आत शिरलं आणि बाईंच्या पायाला घासलं.

“नई! नई!” पोरं ओरडली.

“आता काय नाही?” साहेब वैतागले.

“कुत्रा, सर!” बाई किंचाळल्याच. “नई म्हणजे कुत्रा! बरोबर सांगून राह्यले ते!”

साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले होते. ते एकदा कुत्र्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

“साहेब,” रामाजी गुरुजी म्हणाले, “त्याले बी एक मार्क द्या. सोता हजर झाला.”

साहेब हसले. फुल्या खोडल्या, बाईंना शेजारी बसवून सगळं पुन्हा विचारलं. चित्रं बहुतेकांना आली. अक्षरं अजून कच्ची निघाली, तेही त्यांनी तसंच लिहिलं. पेटी मात्र राहिली.

आता माझी शेपटी झिजून गेलीय. पाठीवर ‘कुत्रा’च्या खाली बाईंनी पेन्सिलीनं ‘नई’ लिहिलंय. मंगलीची धाकटी बहीण आधी ते म्हणते, मग बाईंकडे बघत हळूच दुसरं.

मला परत पेटीत घालू नका. कुठल्याही नावानं बोलवा, मी ओ देईन.